मिठाच्या दगडापर्यंतची वाट

"तू जपानमध्ये नक्की करतेस तरी काय गं?" पुण्याला गेले की हा प्रश्न ठरलेला असायचा. माझ्या सासूबाई माझ्याआधी उत्तर द्यायच्या, "ती रिसर्चमध्ये आहे." आणि मी लगेच त्यांच्या रिसर्चवर पाणी ओतायची, "मी गवत कापते." समोरचा हसायचा, मला विनोदी समजायचा आणि विषय बदलायचा. पण ते अगदी शब्दशः खरं होतं. त्सुकुबाच्या एका संस्थेत, कुरणांवर काम करणाऱ्या टीममध्ये, मी निवृत्त होईपर्यंत गवतच कापलं.

शिकले होते जनावरांची डॉक्टरकी. वडील फलटणकडे जनावरांचे सरकारी डॉक्टर, त्यामुळे घरात दुसरं काही सुचायचंच नाही. लग्न झालं ते वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या माणसाशी, आणि त्याच्यामागून मी जपानला आले. पहिली काही वर्षं लॅबमधल्या बाटल्या धुण्याचा बाइतो, म्हणजे तासावारी नोकरी, केली. मग एकदा कुरणांच्या टीमला माणूस हवा होता. मुलाखतीत विचारलं, "कुरणात काम करताना गाय अंगावर आली तर?" मी म्हटलं, "येऊ दे की." तेवढ्यावर नोकरी मिळाली. आणि हो, नेने आडनावाचा खरा फायदा मला जपानमध्ये कळला. माझ्या कुलकर्णी मैत्रिणीच्या नावाची रोज चटणी व्हायची, मी मात्र पहिल्या दिवसापासून स्वच्छ 'नेने-सान'.

२०११ चा तो मोठा भूकंप झाला त्याच्या पुढच्याच वर्षी मला इवातेच्या डोंगरात पाठवलं. मोरिओकापर्यंत शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आणि तिथून पुढे गाडीनं डोंगर चढत जायचं. मला न्यायला, ज्यांच्या कुरणावर काम करायचं होतं त्या कुमागाई घरची मुलगी आली होती, मिहो. तिशीतली, चिखलाचे बूट, हातावर मात्र अजून ऑफिसातलं नाजूक घड्याळ. वाटेत एका कोम्बिनीपाशी तिनं गाडी थांबवली आणि म्हणाली, "नेने-सान, जे काही घ्यायचं ते इथे घ्या. यापुढे दुकान नाही." मी हसले, मला वाटलं बोलायची पद्धत. कसलं काय! त्यानंतर तासभर फक्त झाडं, वळणं आणि एकदा रस्ता ओलांडणारं अस्वल. मिहो अस्वलासाठी थांबली, ते गेलं, आणि ती शाळेच्या गोष्टी पुढे सांगू लागली.

मिहो आधी शहरात, तोयोसुला, एका आयटी कंपनीत होती. शेजारच्या टेबलावर आपली मराठी मुलं असायची, त्यामुळे "चला, जेवण" एवढं मराठी तिला यायचं. भूकंपानंतर नोकरी सोडून ती घरी परतली होती, गाई सांभाळायला. आणि ज्या घरी परतली, तिथल्या डोंगरालाच सरकारनं कुलूप घातलं होतं.

आता ही कुरणाची भानगड आधी नीट सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

या भागात पूर्वी समुद्रकाठी मीठ तयार व्हायचं आणि आतल्या गावांना ते हवं असायचं. मध्ये डोंगरच डोंगर. कुमागाईंचे पूर्वज गुरांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून तो डोंगर पार करायचे. पुढे परदेशी वळू आले, त्या गुरांशी संकर झाला आणि आजच्या तांबूस रंगाच्या, धिप्पाड गाई तयार झाल्या. रस्ते झाले, मीठ ट्रकमधून जायला लागलं, गुरं मात्र मांसासाठी राहिली. मी ती खात नाही. पहिल्याच जेवणाला घरच्या बाईंनी, फुमि-साननी, मला थेट विचारलं, "गाय खात नाही, मग गाईंची नोकरी कशी करता?" मी म्हटलं, "पगार खाते की गाईंचा, तेवढं पुरे." त्या इतक्या हसल्या की तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच. माझ्यासाठी त्या अक्रोडाच्या वाटणातले मोचीचे, म्हणजे चिकट तांदळाचे, गोळे करायच्या. चवीला थेट आपल्या तिळगुळाच्या घरातले.

वर्षाचा क्रम असा. हिवाळाभर गाई खाली गोठ्यात, बाहेर बर्फ. थंडी संपता संपता वासरं होतात. डोंगर हिरवा झाला की आया-वासरं सगळी वर जातात, सोबत एक वळू. उन्हाळाभर वरच चरायचं, वरच फळायचं, पानं लाल झाली की खाली यायचं. माणसानं फक्त कुंपण बघायचं, डोकी मोजायची आणि मीठ द्यायचं. ऐकायला सोपं. मीसुद्धा पहिल्यांदा म्हटलं, "म्हणजे उन्हाळाभर सुट्टीच की!" त्यावर तेत्सुओ-साननी माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट मोची खाल्ली.

तेत्सुओ-सान म्हणजे मिहोचे वडील, घरधनी. सत्तरीचे, बुटके, आवाज गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा. त्यांची तिकडची बोली मला ओ की ठो कळायची नाही. मिहो जपानीतून जपानीत भाषांतर करायची. मराठीत आणायचं तर मला ते आमच्या फलटणकडच्या शेतकऱ्यासारखेच ऐकू येतात, म्हणून तसंच लिहिते.

"डोंगरावर जायाला रस्ता लागतो," ते पहिल्या दिवशी म्हणाले. "आन् रस्ता गाईला म्हाईत असतो. ही बगा आमची तोमी."

तोमी कळपातली सगळ्यात म्हातारी गाय. एक शिंग खाली वळलेलं, पाठ थोडी खचलेली. दर वर्षी तीच पुढे चालायची, बाकीच्या मागून. ती जिथे पाणी प्यायची तिथे सगळ्या प्यायच्या, वादळ आलं की ती ज्या झाडीत शिरायची तिथे सगळ्या शिरायच्या. तिला हे तिच्या आईनं दाखवलं, आईला आजीनं. तेत्सुओ-सान लहान असताना त्यांच्या आजोबांनी त्यांनाही गाईंच्या मागे चालायला लावलं होतं. "मला डोंगर बापानं न्हाई दावला. गाईच्या शेपटीमागनं शिकलो."

आणि आता तोमी गोठ्यात उभी होती. भूकंपात फुटलेली अणुभट्टी खूप दूर, मध्ये एक अख्खा प्रांत. पण वाऱ्यापावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम आलं आणि गवतावर उतरलं. नमुने तपासले, मर्यादेपेक्षा जास्त निघाले. हुकूम आला, वर चराई बंद. भूकंपात यांच्या घराची एक फळी हलली नव्हती. धोका दिसत नव्हता, त्याला वास नव्हता. डोंगर खिडकीतून समोर, हिरवागार, आणि गाई विकतचं वाळलं गवत खात होत्या.

आजूबाजूच्यांनी शहाणपणा शिकवून झाला होता. काळ्या जातीची गुरं घ्या, गोठ्यातच बांधा, त्यांच्या मांसाला भावही जास्त. तेत्सुओ-सान ऐकेनात. ते एकच गोष्ट म्हणायचे, आणि मिहोनं ती मला गाडीत, घाट उतरताना सांगितली. "बाबा म्हणतात, तोमी पायावर उभी आहे तोवर डोंगर उघडला तर ठीक. नाहीतर सगळा कळप विकायचा. वाट माहीत नसलेल्या गाई वर सोडून काय उपयोग?"

"आणि तू?"

"मी त्या गाईंसाठीच आले ना, नेने-सान," ती म्हणाली.

तर माझं काम सुरू झालं. गवत कापणं म्हणजे काय, हे एकदा सांगूनच टाकते. ठरलेल्या जागी चौकट ठेवायची, आतलं गवत विळ्यानं कापायचं. जमिनीला टेकवून कापायचं नाही, थोडं वरून, कारण मातीचा कण आला तर आकडा खोटा. पिशवी, चिठ्ठी, पुढची जागा. मग त्सुकुबाला नेऊन वाळवायचं, दळायचं, मोजायचं. मी माहेरी कधी विळा हातात धरला नव्हता, कारण घरात गडी होते. वडील असते तर म्हणाले असते, डॉक्टर केलं आणि ही गवत कापतेय.

डोंगराचे दोन भाग होते. खालचा उतार सौम्य, तिथे ट्रॅक्टर चालतो. माती खोलवर उलटून टाकली, पालाश म्हणजे पोटॅशचं खत दिलं, नवं बी पेरलं. पोटॅश भरपूर मिळालं की गवत सीझियम कमी घेतं, एवढं सोपं शास्त्र. वरचा उतार मात्र भिंतीसारखा. तिथे नांगर नाही, ट्रॅक्टर नाही. मिहो आणि मी खांद्यावर पिशव्या घेऊन हातानं खत फेकायचो. माझ्या कमरेनं त्या उताराला अजून माफ केलेलं नाही.

वाईट बातमी सांगायची वेळ नेहमी माझ्यावर यायची. आकडे घेऊन मी स्वयंपाकघरात बसले की फुमि-सान आधी चहा ओतायच्या. "अजून नाही," मी म्हणायची. तेत्सुओ-सान उठून गोठ्यात जायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "हे मला शिव्या का घालत नाहीत?" फुमि-सान म्हणाल्या, "तुम्हाला घालून गवत थोडंच सुधारणार? तोमीला घालतात, जा ऐकून या." गेले. खरंच घालत होते, आणि तिचं कपाळ खाजवत होते.

खुद्द फुमि-सानचं दुःख वेगळं. वरच्या रानातली नेच्याची कोवळी भाजी आणि पावसाळ्यानंतरची अळंबी, दोन्ही बंद. सासूनं दाखवलेल्या जागा त्यांना तोंडपाठ होत्या, आणि टोपली भिंतीवर टांगलेली होती.

तीन-चार उन्हाळे असे गेले. मग एका हिवाळ्याच्या शेवटी खालच्या उताराचे सगळे नमुने पास झाले. वरचे नाही. परवानगी आली ती फक्त खालच्या उतारासाठी, मध्ये कुंपण घालायच्या अटीवर. मी आकडे तीनदा तपासले, आणि त्सुकुबाहून फोन केला. निकाल सांगितला. मग तेत्सुओ-सान म्हणाले, "तोमी उभी हाय." आणि फोन ठेवला. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून रडले, कशाला खोटं सांगू.

गाई वर न्यायच्या दिवशी फाटकाशी थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडतात, थोडं मीठ टाकतात. फुमि-साननी ते केलं. फाटक उघडलं. तोमी क्षणभर थांबली, नाक वर केलं आणि चालायला लागली. मागून सगळा कळप. त्यातल्या निम्म्या जणींनी जन्मात डोंगर पाहिला नव्हता. वासरं आयांच्या पोटाखाली शिरत होती. मिहो हसत होती, फुमि-सान डोळे पुसत होत्या, मी दोन्ही करत होते.

तोमी त्या नव्या, लुसलुशीत, आम्ही रक्त आटवून उगवलेल्या गवतात शिरली. आणि त्याच्याकडे न बघता चालतच राहिली. सरळ वर. कुंपणापर्यंत. तिथे छाती तारेला लावून उभी राहिली, आणि तिच्यामागे सगळा कळप उभा राहिला.

"आत्ता फिरेल," मिहो म्हणाली. नाही फिरली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. पाणी प्यायला खाली यायची, पुन्हा कुंपणाशी. तिच्यामागे तरुण गाई हंबरत उभ्या, पायाखालचं गवत तुडवून चिखल झालेला. आयांचं दूध आटायला लागलं, वासरं ढुशा द्यायला लागली. आम्ही सगळ्यांनी माती पाहिली, आकडे पाहिले, खांब पाहिले. तोमीला वरच जायची सवय आहे, हे रोज तोंडानं म्हणत होतो आणि कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं. वाट माहीत असलेली गाय म्हणून तिची वाट बघत बसलो, आणि तिला माहीत असलेली वाट नेमकी बंद जागी जात होती.

तार तुटली असती तर सगळंच संपलं असतं. वरचं गवत एकदा पोटात गेलं की तो कळप विकता आला नसता आणि परवानगीही गेली असती.

"वर एवढं आहे तरी काय?" मी विचारलं.

"दगड," तेत्सुओ-सान म्हणाले.

वरच्या उतारावर एक सपाट, बुटका दगड होता. खापरपणजोबांनी ठेवलेला. मीठ वाहून नेणारं घराणं, तेव्हा गाईंना मीठ द्यायचं ते त्या दगडावर. पिढ्यान्‌पिढ्या गाईंनी चाटून चाटून त्याच्यात वाटीएवढा खळगा पडला होता. तोमीच्या लेखी डोंगर म्हणजे तो दगड. तिथे मीठ चाटायचं, आणि मग चरायला सुरुवात.

"मग तो दगड खाली आणू," मिहो म्हणाली.

अरे देवा! तेत्सुओ-सान असे उसळले की मी दोन पावलं मागे सरले. "दगड हलवायचा? उद्या म्हणशील थडगी हलवू! माझ्या हातनं न्हाई व्हायचं!"

"तुमच्या हातनं नको. माझ्या हातनं."

"तू काल आलीस तोयोसुहून!"

हे फार लागलं तिला. तिनं हातातलं ते ऑफिसातलं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि कुंपणाकडे चालू लागली. मला वाटलं संपलं, ही आता निघून जाणार. तेव्हा फुमि-सान बोलल्या. शांतपणे, नवऱ्याकडे न बघता.

"या घरात आल्यापासून त्या दगडावर मीठ मी नेतेय. तुमच्या खापरपणजोबांनी एकदा ठेवला, मी दर आठवड्याला चढले. माझ्या गुडघ्यांना विचारा. दगड खाली आला तर मला चालेल."

तेत्सुओ-सान माझ्याकडे वळले, "नेने-सान, ते तुमचं मोजायचं यंत्र लावा दगडाला. काही निघालं तर न्हाई म्हंजे न्हाई." त्यांना वाटत होतं, काहीतरी निघेल आणि सुटका होईल. मी टीमप्रमुखांना फोन केला, मग वर गेले, दगड ब्रशनं घासला, धुतला, पुसून चाचणी घेतली. स्वच्छ निघाला. पहिल्यांदाच मी त्या डोंगरावरून चांगली बातमी घेऊन उतरत होते, आणि ती कुणाला नको होती.

मिहोनं खोदकामाचं यंत्र आणलं. दगड पट्ट्यांत बांधला, इंच इंच करत उतरवला. तेत्सुओ-सान पाठ फिरवून बसले होते. दगड खालच्या गवतात टेकला तेव्हा मात्र उठले, मुठीनं खळग्यात मीठ भरलं, आणि त्या प्रचंड आवाजात हाक मारली, "बेऽऽ, बे, बे, बेऽऽ!"

तोमीचे कान हलले. तिनं कुंपणाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हातारं माणूस जिना उतरतं तशी एकेक पाय टाकत खाली आली. दगड हुंगला. चारी बाजूंनी फिरून हुंगला. आणि जीभ खळग्यात घातली.

मग मान खाली घातली आणि चरायला लागली. पाठोपाठ सगळ्या. गाई एकत्र चरायला लागल्या की गवत तुटण्याचा एक आवाज येतो, कचाकच, एकसारखा. इतकी वर्षं गवत मापणाऱ्या मला तो आवाज त्या डोंगरावर तोवर ऐकायलाच मिळाला नव्हता.

तेत्सुओ-सान लेकीला म्हणाले, "यंत्र बरं चालवतीस." त्यांच्याकडून ही पदवीच समजायची.

तोमी त्यानंतर दोन उन्हाळे वर गेली, दगडापर्यंत. मग एका हिवाळ्यात गोठ्यातच गेली. कळपाच्या पुढे आता तिची लेक चालायची, डोंगर बंद झाल्यावर जन्मलेली. कळप विकण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी निवृत्त होण्याआधीच्या शेवटच्या उन्हाळ्यात वरचा उतार पास झाला. इतक्या वर्षांचं हातानं फेकलेलं खत, इतक्या पिशव्या गवत. आम्ही तारा गुंडाळल्या, खांब उपटले. डोंगर अख्खा मोकळा. कळप वर आला, जिथे कुंपण होतं तिथवर आला, आणि थांबला. तार नव्हती, काही नव्हतं, तरी एकही पुढे पाय टाकेना. तोमीच्या लेकीच्या लेखी डोंगर तिथेच संपत होता. वरची वाट माहीत असलेली गाय उरली नव्हती.

माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. एवढं सगळं करून वरचा उतार गेलाच, असंच मला वाटलं.

तेत्सुओ-साननी फुमि-सानच्या हातातली मिठाची गोणी घेतली आणि खांद्यावर टाकली. तेव्हा ते ऐंशीच्या जवळ आले होते, गुडघे दोन्ही गेलेले.

"बाबा, द्या इकडे, मी नेते," मिहो धावली.

"तू मागनं ये. गाईंच्या मागनं. वाट मागनंच शिकत्यात."

आणि तो माणूस चढायला लागला. पाच-सहा पावलं, मग थांबून "बेऽऽ, बे, बे!" पुन्हा पाच-सहा पावलं. तोमीची लेक बघत राहिली. मिठाचा वास आला असेल, आवाज ओळखीचा होता. तिनं एक पाय रेषेच्या पलीकडे टाकला. मग दुसरा. मग सगळा कळप, वासरं, आणि सगळ्यांच्या शेपटीमागे मिहो. फुमि-सान माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "बघा, लग्न केलं तेव्हा मला वाटलं होतं माणसाशी करतेय." आणि पदर असता तर तोंडाला लावला असता अशा हसल्या. मग भिंतीवरून काढून आणलेली ती टोपली काखेत मारून माझ्याकडे वळल्या, "अळंबीचं कधी होणार हो, नेने-सान?" ते अजून झालेलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं.

मी वर पोचले तेव्हा सगळे दगडाच्या जुन्या जागेशी होते. दगड खालीच राहिला होता, पण मातीत त्याचा खड्डा तसाच होता, गवत उगवलेला. तेत्सुओ-साननी सगळं मीठ त्यातच ओतलं होतं. ते जमिनीवर बसून धापा टाकत होते, आणि तोमीची लेक त्यांच्या मांडीशी मान घालून मीठ चाटत होती. मिहो खाली वळून आलेली वाट बघत होती, ओठ हलवत, एकेक वळण मनात घोकत.

त्या दिवशी नेहमीप्रमाणे विळा आणि पिशव्या माझ्या पाठीवर होत्या. ठरलेल्या चौकटीपाशी गेले तर तिथे एक कालवड उभी, कचाकच चरत. मी पिशवी उघडली नाही. तिथेच बसले आणि तिचं होईपर्यंत बघत राहिले.